पिवळं शेत, डावीकडे

मांडीवर परीक्षेचं पॅड, पॅडच्या चिमट्यात अडकवलेला आलेखाचा कागद, खिडकीतल्या वाऱ्याने सारखा उडणारा त्याचा कोपरा, आणि तो अंगठ्याने दाबून धरणारी मी... दहा वर्षांची, दोन वेण्यांची, गाडीच्या तळाला पाय अजून नीट न टेकणारी. लखनौतलं बालपण म्हटलं की मला पहिली आठवते ती ही पुढची सीट. तिच्या रेक्झिनला उन्हाचा, पेट्रोलचा आणि आदल्या सहलीत सांडलेल्या लिंबाच्या लोणच्याचा वास यायचा, आणि तो वास मला अजूनही सणासारखा वाटतो.

बाबा रेल्वेच्या संशोधन कचेरीत इंजिनियर होते आणि आम्ही मानक नगरच्या कॉलनीत राहायचो. ओळखीची मराठी घरं तेव्हा मोजकीच होती. कुणी बँकेत, कुणी प्रयोगशाळेत, कुणी विद्यापीठात. त्यांतल्या ज्या चौघांकडे गाडी होती त्यांनी मिळून 'चारचाकी मंडळ' नावाचा क्लब काढला, त्याला अध्यक्ष नेमला, चिटणीस नेमला, खजिनदार नेमला, सल्लागार नेमला, आणि मग साधा सभासद म्हणून कुणी उरेना तेव्हा आमच्या शेजारच्या त्रिपाठी अंकलना आग्रहाने बोलावून घेतलं. अंकल अस्सल लखनवी होते. सभेत बोललेलं मराठी त्यांना निम्मंच कळायचं, पण प्रत्येक ठरावाला ते हात जोडून अनुमोदन द्यायचे.

हिवाळ्यात महिन्यातून एखाद्या रविवारी या पाच गाड्या रांगेने गावाबाहेर पडायच्या, आणि त्यांचा नियम एकच होता — सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. तिला कुणी ओलांडायचं नाही, मागून हॉर्न वाजवायचा नाही. म्हणजे कुणी मागे पडत नाही आणि कुणाची चुकामूक होत नाही, असं नियम करणाऱ्यांचं म्हणणं होतं. नियम अर्थातच बाबांनी केला होता, कारण सगळ्यात हळू गाडी आमची होती. क्रीम रंगाची, गोल दिव्यांची, चढ आला की सुस्कारा टाकणारी ती गाडी सगळ्या मंडळात 'मावशी' म्हणून ओळखली जायची. तिच्या पाठोपाठ देशमुखकाकांची नवीकोरी गाडी असायची. काका लखनौच्याच महानगर भागात राहायचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि ताशी पस्तिसाच्या वेगाने जाताना त्यांच्या जिवाची जी घालमेल व्हायची ती आम्हाला मागच्या काचेतून स्पष्ट दिसायची. सगळ्यांत शेवटी त्रिपाठी अंकल, डिकीत स्टोव्ह, दोरखंड आणि पाना-पक्कड घेऊन.

त्या वर्षीची सहल मात्र बाबांनी मंडळासाठी आखली नव्हती. ती आईसाठी होती.

आई अलिबागजवळच्या एका लहानशा गावातली. तिच्या वडिलांचं मिठागर होतं. ती मिठागराच्या बांधावरून धावत लहानाची मोठी झाली आणि लग्न होऊन आली ती थेट लखनौला, जिथून समुद्र कुठल्याही दिशेने सारखाच लांब. दर उन्हाळ्यात माहेरी जाऊन आली की तिचं वर्षभराचं निभायचं. येताना आजोबांनी दिलेलं जाडं मीठ ती घेऊन यायची आणि ते चिनीमातीच्या बरणीत भरून पुरवून पुरवून वापरायची. पण दोन उन्हाळे बाबांची रजा ऐनवेळी रद्द झाली होती, आणि जानेवारीत कळलं की तिसऱ्या उन्हाळ्यातही चाचण्या आहेत, रजा मिळणार नाही. आई 'बरं' म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. रागावली असती तर बाबांना सोपं गेलं असतं. ती रागावली नाही, फक्त कामं करताना गुणगुणायची ते थांबलं, आणि बरणीच्या तळाशी उरलेलं मूठभर मीठ तिने वापरायचंच सोडलं. दुकानातलं बारीक मीठ स्वयंपाकात आलं. घरात आवाज कमी झाला की काहीतरी बिनसलंय हे लहान मुलांना सगळ्यांच्या आधी कळतं, तसं मलाही कळलं होतं.

मग एका रविवारी बाबा पहाटेच त्रिपाठी अंकलच्या गाडीतून वही घेऊन कुठेसे गेले आणि संध्याकाळी गारठून, पण भलतेच खुशीत परत आले. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते आईला म्हणाले, "उन्नावच्या पुढे गंगेचा एक घाट आहे. आडबाजूला. अगं, पलीकडचा काठच दिसत नाही. नुसतं पाणी आणि वर आभाळ. मी तासभर उभा होतो. तुला समुद्र नाही दाखवता येत, पण हे दाखवतो."

आईने त्यांना दुसरा कप चहा न मागता दिला, आणि यातून मी काय समजायचं ते समजले. गंगा आईला दिसली की घर पुन्हा पहिल्यासारखं होणार.

म्हणूनच त्या कागदाचं मला ओझं होतं. बाबांनी तो रेल्वेच्या शिस्तीने आखला होता. तीन रकाने — अंतर, खूण, दिशा. वडाचं झाड, सरळ. हातपंप आणि लाल विटांची शाळा, उजवीकडे. आणि खाली, लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित करून, 'पिवळं शेत, डावीकडे'. मावशीचा मीटर कैक वर्षांपूर्वीच बंद पडला असल्यामुळे अंतराचा रकाना नुसता शोभेचा होता. सगळी भिस्त खुणांवर, आणि खुणा वाचायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलेलं. आईने आपली पुढची सीट मला दिली आणि स्वतः डबे घेऊन मागे बसली. बाबांनी बजावलं, "गाडी चालवणाऱ्याने रस्त्याचा विचार करायचा नसतो. तू सांगशील तिथे मी वळणार." एवढा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसा कुणी टाकला नाही.

सहल ठरली होती पुढच्याच रविवारी. पण देशमुखकाकांच्या बँकेत तपासणी निघाली, मग चिटणिसांच्या घरी कांजिण्या आल्या, मग आमच्या शाळेच्या परीक्षा... होता होता निघालो ते होळी आठवड्यावर आली तेव्हा. थंडी सरली होती. सकाळी सात वाजता कॉलनीच्या फाटकापाशी पाच गाड्या ओळीने उभ्या, त्यांची बॉनेट जुन्या बनियनने पुसून लख्ख केलेली, डब्यांतून मेथीच्या पराठ्यांचा आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा वास, आंब्याच्या मोहराचा आंबटगोड दर्प, आणि कडुलिंबाची पिवळी पानं वाऱ्यासरशी टपांवर गळत होती. त्रिपाठी अंकल प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारून आले, "पानी देख लिया? हवा देख ली?" आणि मग आपल्या शेवटच्या जागी जाऊन बसले.

किती सुंदर होता तो रस्ता! एकदा गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागली, हिरवी, पण वरच्या टोकाला किंचित सोनेरी झाक आलेली. पानं झडून गेलेली काटेसावर लालभडक फुलांनी पेटलेली. उसाच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा धूर रस्त्यावर यायचा आणि त्यातून जाताना आम्ही सगळे मोठा श्वास घ्यायचो. तळ्यात पांढरे बगळे एका पायावर, आणि मावशी आपल्या चालीने, जणू कुणाच्या लग्नाला निघालीय अशी... वडाचं झाड आलं, मी म्हटलं सरळ. हातपंप आला, लाल शाळा आली, मी म्हटलं उजवीकडे. बाबा वळले, मागून चारही गाड्या वळल्या. माझी मान ताठ झाली. मी पॅड छातीशी धरलं आणि पिवळ्या शेताची वाट पाहू लागले.

ते येईना.

हिरवी शेतं येत होती, तपकिरी येत होती. वाळक्या शेंगांची, करड्या काड्यांची कितीतरी शेतं येऊन गेली. पण पिवळं एकही नाही. "सरसों कहाँ है?" असं मी पुटपुटले तर बाबा म्हणाले, "मराठीत." गाडीत मराठीच बोलायचं असाही त्यांचा नियम होता. "पिवळं शेत येत नाहीये," मी म्हटलं. "येईल," बाबा म्हणाले, "चांगलं रस्त्याला लागून आहे, आंधळ्यालाही दिसेल." ते रत्नागिरीकडचे. त्यांच्या लेखी शेत हे झाडासारखं किंवा शाळेसारखं एका जागी असायचं आणि पिवळं म्हणजे पिवळं. मोहरी जानेवारीत फुलते आणि होळीच्या सुमाराला वाळून काढणीला येते, हे लखनौत बारा वर्षं काढूनही या माणसाला माहीत नव्हतं. रुळाला किती भार सोसेल ते त्यांनी तीन अंकांपर्यंत सांगितलं असतं.

मला तरी कुठे माहीत होतं? मी घामेजल्या हाताने कागद धरून बसले. मागच्या सीटवरून आईच्या बांगड्यांचा आवाज आला, पण मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. आपल्यामुळे आईची गंगा चुकणार... आणि तेवढ्यात लांबवर, डाव्या अंगाला, पिवळा पट्टा दिसला. कुणी उशिरा पेरलेलं एकुलतं एक शेत असेल. "डावीकडे!" मी जवळजवळ ओरडलेच.

मावशी वळली. देशमुखकाका वळले. चिटणीस, खजिनदार, त्रिपाठी अंकल, सगळे वळले. रस्ता अरुंद झाला, मग कच्चा झाला, मग नुसती चाकोरी उरली, आणि मग तीही संपली. बाबांनी ब्रेक दाबला.

आमच्यासमोर पांढरी जमीन होती. तसली जमीन मी त्याआधी पाहिली नव्हती. जिकडे नजर जाईल तिकडे सपाट, रिकामी, झाड नाही, झुडूप नाही, फक्त कुठेकुठे खुरटं पिंगट गवत आणि त्यावरून सोसाट्याने येणारा वारा. मधूनच एखादी टिटवी ओरडत उडायची. गाड्यांची दारं एकेक करून उघडली, सगळे उतरले. देशमुखकाका बाबांना म्हणाले, "जोशी, ही गंगा बरीच आटलेली दिसतेय." मी पॅड पाठीमागे लपवलं.

त्रिपाठी अंकल शेवटून चालत आले, चष्मा पुसत. बाबांनी विचारलं, "त्रिपाठीजी, आप तो उस दिन साथ थे. आपको पता नहीं चला?"

"चला तो था," अंकल संकोचून म्हणाले. "शाळेनंतर आपण दोन मैल जास्तच आलो, हे समजलं होतं," अशा अर्थाचं काहीसं त्यांनी हिंदीत सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "लेकिन हमने सोचा, जोशीजी मोड़ रहे हैं तो कुछ सोचकर ही मोड़ रहे होंगे. अब पीछे से हॉर्न क्या बजाते."

मंडळाचा नियम आणि लखनौची अदब, दोन्ही एकत्र आल्यावर माणसं कुठपर्यंत जाऊ शकतात ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. आणि या गडबडीत आई कुठे आहे इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला ती एकदम दिसली. ती त्या पांढऱ्या जमिनीवर बरीच लांब गेली होती, चपला काढून हातात घेतलेल्या, पदर वाऱ्यावर फडफडतोय. मी धावत गेले. ती खाली वाकली, जमिनीवर साय धरावी तशी धरलेली पांढरी पूड तिने बोटाने खरवडली, आणि सरळ जिभेला लावली.

"आई, काय खातेस?"

"मीठ नाहीये गं," ती म्हणाली. तिने तोंड वाकडं केलं, मग पुन्हा एकदा चव घेतली. "साबणासारखं लागतंय. पण मिठाच्या नात्यातलं आहे."

डोळ्यांवर येणारी ती पांढरी चमक, ते मोकळं आभाळ, तो अडवायला काही नसलेला वारा... तिच्या वडिलांचं मिठागर फेब्रुवारीत असंच दिसायचं, म्हणाली. सायकलवरून जाणारे एक म्हातारे गृहस्थ आमची ही यात्रा पाहून थांबले होते. ते म्हणाले, "ई ऊसर है, बहूजी. हियाँ कुछौ नाहीं होत. ई रेह है, धोबी लोग कपड़ा धोवत हैं." आई त्यांच्याकडे पाहून हसली. एवढ्या महिन्यांनी. मग तिने पुऱ्यांचा रिकामा झालेला डबा मागवला आणि त्यात ती पांढरी माती भरून घेतली. माझ्या पाठीमागचं पॅड तिने काढून घेतलं, कागदाचा उडणारा कोपरा नीट केला आणि पॅड माझ्या हातात परत दिलं. "चांगलं आणलंस हो," एवढंच म्हणाली. ते मला आजही पुरतं.

गंगेचा रस्ता त्या म्हाताऱ्यांनीच दाखवला. त्यांच्या सायकलच्या मागे आम्ही निघालो. मावशीच्या पुढे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी गेलं, आणि त्यांना गाठताना ती धापा टाकत होती. दुपार कलल्यावर घाट आला. बाबांना आता राहवेना. ते आईला म्हणाले, "डोळे मीट." सगळ्या मंडळासमोर त्यांनी तिचा हात धरला. बाबांनी आईचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. वाळूतून हळूहळू त्यांनी तिला पाण्यापाशी नेलं. "आता उघड."

आईने डोळे उघडले. समोर गंगा होती, नितळ, निळसर, उन्हात चमकणारी. आणि तिच्या पलीकडे काठ होता. स्वच्छ, ठळक, सगळ्या तपशिलांसह. झाडं होती, देवळावरची पताका होती, वाळत घातलेले कपडे होते, आणि एक माणूस म्हशीला घासून घासून अंघोळ घालत होता. त्याने आमच्याकडे पाहून हातसुद्धा हलवला.

बाबा त्या काठाकडे बघत राहिले. "जानेवारीत हा काठ नव्हता," ते म्हणाले.

"भाई साहब," त्रिपाठी अंकल हलकेच म्हणाले, "कोहरा था. आप इतने खुश थे, हमने टोका नहीं."

काठ त्या दिवशी धुक्यात होता. मग आईला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून ती हसली, मग पदर सोडून हसली, मग उभं राहवेना म्हणून वाळूत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. तिचं पाहून देशमुखकाका, त्यांचं पाहून सगळेच. शेवटी बाबाही तिच्या शेजारी मटकन बसले आणि हसू लागले. आम्ही पराठे खाल्ले, स्टोव्हवर चहा झाला, आणि परतताना कॉलनीच्या फाटकापर्यंत मागच्या सीटवरून आईचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी पॅड उशाला घेऊन झोपून गेले.

आई त्या उन्हाळ्यात माहेरी गेली नाहीच. दिवाळीत आम्ही तिघंही गेलो. बरणीत नवं मीठ आलं. पण बाबांचं ते वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलं. त्यांचं काहीही चुकलं, किल्ली हरवली, साखरेऐवजी रवा आणला, की आई आणि मी एका सुरात म्हणायचो, "जानेवारीत हा काठ नव्हता." बाबा चिडायचे नाहीत. "नव्हताच," म्हणायचे, "मी डोळ्यांनी पाहिलंय." मावशी गेली, मंडळाचे सभासद बदल्या होऊन पांगले, त्रिपाठी अंकल गेले. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. आई आता माझ्याकडे, लखनौतच विकास नगरला असते. गावी जाऊन राहतेस का, असं मी विचारलं होतं. "तिकडे कोण आहे आता," म्हणाली.

या जानेवारीत बाबांचं कपाट आवरताना तो आलेखाचा कागद सापडला, घड्यांवर विरलेला. आई म्हणाली, "जाऊ या एकदा." गाडी माझ्या लेकीने, ईशाने चालवली. आई पुढे बसली, मांडीवर कागद घेऊन, आणि मी मागे, डब्यांपाशी. वड नव्हता, हातपंप नव्हता. तो पांढरा ऊसरही नव्हता. कधीतरी सुधारून घेतलेल्या त्या जमिनीवर आता पिकं उभी होती, आणि विरळ धुक्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळंच पिवळं. बाबांची खूण जानेवारीतही काही कामाची नव्हती म्हणजे. ईशा म्हणाली, "नानी, मैप तो सीधा बोल रहा है." आईने कागदावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. डावीकडे घे."

घाटावर पोचलो तेव्हा धुकं दाट झालं होतं. आईला धरून आम्ही वाळूतून पाण्यापर्यंत नेलं. पाणी पायाशी येऊन हलत होतं, आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. ना झाड, ना देऊळ, ना म्हैस. नुसतं पाणी, आणि पाण्याचं होत गेलेलं आभाळ. आई किती वेळ तशीच उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरंच नाहीये गं. आणि आपण जन्मभर हसलो त्यांना."

ईशाने विचारलं, "क्या नहीं है, नानी?"

आईने तिच्या हातावर थोपटलं. वर सूर्याची फिकट चकती दिसायला लागली होती. मी म्हटलं, "थांबू या थोडं. अर्ध्या तासात ऊन येईल, मग सगळं दिसेल."

"मग आत्ताच निघू," आई म्हणाली, आणि कागदाची घडी घालून गाडीकडे वळली.